ऑक्टेव्ह शनूट

ऑक्टेव्ह शनूट (१८ फेब्रुवारी १८३२ – २३ नोव्हेंबर १९१०) हे फ्रान्समध्ये जन्मलेले अमेरिकन स्थापत्य अभियंता आणि विमानविद्येचे आद्य अभ्यासक होते. लोहमार्ग व पूल यांच्या बांधणीत नावलौकिक मिळवल्यानंतर उतारवयात त्यांनी मानवी उड्डाणाच्या प्रश्नाकडे लक्ष वळवले. या विषयावर जगात कोठे काय लिहिले गेले आहे आणि कोणी कोणते प्रयोग केले आहेत, याची माहिती त्यांनी देशोदेशींच्या नियतकालिकांतून, विद्वत्संस्थांच्या अहवालांतून, पेटंटांच्या कागदपत्रांतून आणि खासगी पत्रव्यवहारातून गोळा केली. या शोधातून सिद्ध झालेला ‘प्रोग्रेस इन फ्लाइंग मशीन्स’ (१८९४) हा ग्रंथ राइट बंधूंसह अनेक प्रयोगकर्त्यांचा आधारग्रंथ ठरला. शनूट यांनी स्वतः इंजिनावर चालणारे विमान कधी उडवले नाही. मात्र विमान तयार होण्यासाठी आवश्यक असलेले विखुरलेले ज्ञान एका जागी आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. हे ज्ञान सर्वांसाठी खुले असावे असा त्यांचा आग्रह होता आणि आयुष्याच्या अखेरीस त्याच आग्रहातून राइट बंधूंशी त्यांचा दुरावा निर्माण झाला.

बालपण आणि शिक्षण

शनूट यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील जोसेफ हे इतिहासाचे प्राध्यापक होते. १८३८ मध्ये वडील लुइझियाना राज्यातील जेफरसन महाविद्यालयात अध्यापनासाठी अमेरिकेत आले, तेव्हा सहा वर्षांचे ऑक्टेव्ह त्यांच्यासोबत होते. आई फ्रान्समध्येच राहिली. काही वर्षांनी पितापुत्र न्यूयॉर्कला गेले आणि तेथील खासगी शाळांत ऑक्टेव्ह यांचे शिक्षण झाले. घरात फ्रेंच आणि बाहेर इंग्रजी अशा वातावरणात वाढल्यामुळे दोन्ही भाषांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. एकोणिसाव्या शतकात उड्डाणविषयक लेखनाचा मोठा भाग फ्रेंच भाषेत होता. त्यामुळे हे द्विभाषिकत्व पुढे त्यांच्या फार उपयोगी पडले.

शनूट यांनी अभियांत्रिकीचे महाविद्यालयीन शिक्षण घेतले नाही. त्या काळी अमेरिकेत अभियंते बहुधा कामावरच घडत असत. १८४९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते हडसन नदीकाठच्या लोहमार्गाच्या कामावर मोजणीची साखळी धरणारे मदतनीस म्हणून रुजू झाले. सुरुवातीला त्यांनी हे काम बिनपगारी केले.

लोहमार्ग व पूल

१८५३ मध्ये शनूट इलिनॉय राज्यात गेले. तेथील लोहमार्गांची मोजणी व बांधणी करीत ते एकेक पायरी चढत गेले आणि १८६३ मध्ये शिकागो व ऑल्टन लोहमार्गाचे मुख्य अभियंता झाले. १८५७ मध्ये पिओरिया येथे अ‍ॅनी जेम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शिकागो शहराच्या मांस व्यापाराचे केंद्र बनलेल्या युनियन स्टॉक यार्ड्स या विस्तीर्ण जनावर-बाजाराचा आराखडा त्यांनी १८६५ मध्ये तयार केला.

त्यांचे सर्वांत गाजलेले बांधकाम म्हणजे कॅन्सस सिटी येथील मिसूरी नदीवरील हॅनिबल पूल होय. मिसूरीचा प्रवाह वेगवान आणि पात्र बदलते असल्यामुळे तिच्यावर पूल टिकणार नाही, असे अनेकांना वाटत होते. शनूट यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा पूल ३ जुलै १८६९ रोजी वाहतुकीसाठी खुला झाला. मिसूरी नदीवरील तो पहिला पूल होता. त्याच्यामुळे कॅन्सस सिटी हे रेल्वेचे मोठे केंद्र बनले. पुढील वर्षी शनूट यांनी जॉर्ज मॉरिसन या तरुण सहकाऱ्याच्या साथीने या बांधकामावर सविस्तर ग्रंथ लिहिला. आपण काय केले आणि काय चुकले, हे इतर अभियंत्यांसाठी नोंदवून ठेवण्याची त्यांची सवय या ग्रंथातही दिसते. कॅन्सस राज्यातील लोहमार्गांवरील कामाच्या स्मरणार्थ तेथील एका गावाला १८७३ मध्ये शनूट हे नाव देण्यात आले.

१८७३ नंतर सुमारे दहा वर्षे ते ईरी रेल्वेचे मुख्य अभियंता होते. न्यूयॉर्क शहरात जलद वाहतूक कशी आणता येईल याचा विचार करणाऱ्या अभियंत्यांच्या समितीतही त्यांनी महत्त्वाचे काम केले. १८९१ मध्ये ते अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेचे अध्यक्ष झाले.

लाकडाच्या संरक्षणाचा अभ्यास

रुळांखालील लाकडी स्लीपर लवकर कुजत असत आणि ते बदलण्यावर रेल्वे कंपन्यांचा मोठा खर्च होई. स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने या प्रश्नासाठी नेमलेल्या समितीचे काम शनूट यांनी पाहिले. नवा प्रयोग सुरू करण्यापूर्वी त्यांनी विविध ठिकाणी पूर्वी झालेल्या प्रयत्नांची माहिती मिळवली आणि यशाइतकीच अपयशांचीही छाननी केली. १८८५ मध्ये समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे शिकागोत राहून त्यांनी रासायनिक प्रक्रियेने लाकूड टिकाऊ करण्याचा व्यवसाय यशस्वीपणे चालवला. प्रत्येक स्लीपर कोणत्या साली बसवला हे कळावे म्हणून त्यात सालाचा अंक असलेला खिळा ठोकण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. नोंद असेल तरच अनुभवातून निष्कर्ष काढता येतो, हे या पद्धतीमागील तत्त्व होते. उड्डाणाच्या प्रश्नालाही ते पुढे याच रीतीने भिडले.

उड्डाणविषयक साहित्याचा शोध

१८७५ मध्ये शनूट सहकुटुंब युरोपच्या प्रवासाला गेले. तेथील काही अभियंते मानवी उड्डाणाचा गांभीर्याने विचार करीत असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि या विषयात त्यांना रस वाटू लागला. परंतु ईरी रेल्वेच्या जबाबदारीमुळे आणि व्यावसायिक प्रतिष्ठेला बाध येण्याच्या शक्यतेमुळे काही वर्षे त्यांनी हा छंद मर्यादित ठेवला. त्या काळी उडत्या यंत्राच्या मागे लागणारा माणूस सर्वसाधारणपणे विक्षिप्त समजला जात असे.

१८८० नंतर त्यांनी पद्धतशीरपणे साहित्य जमवण्यास सुरुवात केली. हे काम सोपे नव्हते. उड्डाणावरील लेखन एखाद्या ग्रंथालयात एका कपाटात मिळेल अशी परिस्थिती नव्हती. फुग्यांच्या उड्डाणावर, विशेषतः फ्रेंच भाषेत, विपुल ग्रंथ होते. गास्ताँ तिसांदिए यांनी १८८७ मध्ये अशा ग्रंथांची सूचीही प्रसिद्ध केली होती. मात्र हवेपेक्षा जड यंत्रांविषयीचे लेखन थोडे, अल्पायुषी नियतकालिकांत विखुरलेले आणि बहुधा लेखकाच्या स्वतःच्या खर्चाने छापलेल्या छोट्या पुस्तिकांत दडलेले होते.

ब्रिटनमध्ये १८६६ साली स्थापन झालेल्या एरोनॉटिकल सोसायटीचे वार्षिक अहवाल हा एक प्रमुख स्रोत होता. या संस्थेच्या पहिल्या वर्षी फ्रान्सिस वेनम यांनी वाचलेल्या निबंधात पंख लांब व अरुंद असण्याचे आणि ते एकावर एक रचण्याचे फायदे मांडले होते. फ्रान्समध्ये १८६८ पासून निघणारे ‘लाएरोनोत’ हे नियतकालिक दुसरा स्रोत होते. आल्फाँस पेनो यांनी रबराच्या पिळावर उडवलेल्या छोट्या विमानाची हकीकत फ्रेंच नियतकालिकांतूनच प्रसिद्ध झाली होती. बर्लिनमध्ये ओटो लिलिएंटाल यांनी पक्ष्यांच्या उड्डाणावरील आपला ग्रंथ १८८९ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह आपल्या प्रतिकृतींचे वर्णन सिडनी येथील रॉयल सोसायटी ऑफ न्यू साउथ वेल्स या संस्थेच्या नियतकालिकात देत होते. इजिप्तमध्ये कैरो येथे राहणारे फ्रेंच गृहस्थ लुई मूयार यांनी गिधाडांसारख्या मोठ्या पक्ष्यांच्या पंख न हलवता होणाऱ्या भरारीचे निरीक्षण करून १८८१ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

जेथे छापील साहित्य अपुरे होते तेथे शनूट यांनी थेट लेखकांना पत्रे लिहिली. यंत्राचे वजन किती, पंखांचे क्षेत्रफळ किती, वारा किती होता, यंत्र कोठे मोडले आणि का, असे त्यांचे प्रश्न नेमके असत. कैरो, सिडनी, बर्लिन, लंडन, पॅरिस आणि बॉस्टन येथील अभ्यासकांशी त्यांचा नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. यांपैकी बहुतेकांना एकमेकांच्या कामाची फारशी माहिती नव्हती. एकाकडून आलेली माहिती शनूट दुसऱ्याला कळवीत. त्यामुळे त्यांचे शिकागोतील घर हे उड्डाणविषयक ज्ञानाचे अनौपचारिक केंद्र बनले. पाठवलेल्या पत्रांच्या दाबप्रती ते वह्यांत जपून ठेवत असत.

अशा शोधाची गरज किती होती, हे जॉर्ज केली यांच्या उदाहरणावरून दिसते. या इंग्रज संशोधकाने १८०९-१० मध्ये विमानाची मूलतत्त्वे एका विज्ञानविषयक नियतकालिकात मांडली होती. त्यांनीच १८५२ मध्ये एका यांत्रिकी साप्ताहिकात माणसाला वाहून नेणाऱ्या ग्लायडरचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र हा लेख शंभर वर्षांहून अधिक काळ विमानविद्येच्या इतिहासकारांच्या नजरेआड राहिला. छापून प्रसिद्ध झालेली गोष्टसुद्धा कोणी शोधून पुढे आणली नाही, तर हरवल्यासारखीच होते.

‘प्रोग्रेस इन फ्लाइंग मशीन्स’

मे १८९० मध्ये शनूट यांनी कॉर्नेल विद्यापीठात हवाई प्रवासावर व्याख्यान दिले. त्यानंतर ‘रेलरोड अँड इंजिनिअरिंग जर्नल’ या नियतकालिकाचे संपादक मथायस फॉर्नी यांच्यासाठी त्यांनी लेखमाला लिहिण्यास घेतली. ती ऑक्टोबर १८९१ पासून सुरू झाली. जसजशी नवी माहिती मिळत गेली तसतशी ती लांबत गेली आणि तिचे २७ लेख झाले. १८९४ मध्ये फॉर्नी यांनीच ते न्यूयॉर्क येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

ग्रंथाची मांडणी तीन विभागांत आहे : पंख व हवाईछत्र्या, उचलणारे व ढकलणारे पंखे आणि स्थिर पंखांची यंत्रे. प्रत्येक विभागात जुन्या काळापासून लेखनकाळापर्यंतचे प्रयत्न क्रमाने दिले आहेत. केवळ दंतकथा असलेले प्रयोग आणि पुरावा असलेले प्रयोग लेखकाने वेगळे केले आहेत. प्रत्येक यंत्राची मोजमापे उपलब्ध असतील तेथे नोंदवून ते का फसले असावे याची चर्चा केली आहे. पुढील प्रयोगकर्त्याने त्याच चुका पुन्हा करून पैसा आणि प्राण गमावू नयेत, हा या लेखनाचा स्पष्ट हेतू होता.

शेवटी लेखकाने उड्डाणाचा प्रश्न दहा उपप्रश्नांत विभागला आहे. हवेचा विरोध व उचलशक्ती, इंजिन, पुढे ढकलण्याचे साधन, यंत्राचा प्रकार, पंखांचे क्षेत्रफळ, बांधणीचे साहित्य, समतोल, दिशा बदलणे, हवेत चढणे आणि सुरक्षितपणे उतरणे, असे हे दहा प्रश्न होत. त्यांपैकी समतोल राखणे हा सर्वांत महत्त्वाचा आणि कदाचित सर्वांत अवघड प्रश्न असल्याचे मत त्यांनी नोंदवले. तोवर बहुतेक संशोधकांचे लक्ष हलके व शक्तिशाली इंजिन मिळवण्याकडे होते. पुढील दहा वर्षांच्या इतिहासाने शनूट यांचे मत योग्य ठरवले.

शिकागो परिषद (१८९३)

१८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने हवाई प्रवासावर आंतरराष्ट्रीय परिषद घ्यावी, ही कल्पना आल्बर्ट झाम या तरुण प्राध्यापकांनी मांडली. प्रारंभी शनूट साशंक होते. विषय हास्यास्पद ठरेल आणि विक्षिप्त कल्पनांचाच भरणा होईल, अशी भीती त्यांना वाटत होती. तरीही त्यांनी नेतृत्व स्वीकारले आणि निबंधांची काटेकोर निवड केली. १ ते ४ ऑगस्ट १८९३ या काळात ही परिषद पार पडली. हारग्रेव्ह यांनी पेटीच्या आकाराच्या पतंगाविषयीचा निबंध सिडनीहून पाठवला. हा पतंग पुढे अनेक विमानांच्या रचनेचा आधार झाला. हारग्रेव्ह आपल्या शोधांचे पेटंट घेत नसत आणि ज्ञान मुक्त ठेवण्याबाबत शनूट यांचे त्यांच्याशी चांगलेच जुळले. परिषदेचे वृत्त पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

मिशिगन सरोवराकाठचे प्रयोग

साहित्याच्या अभ्यासानंतर प्रत्यक्ष प्रयोगांची आवश्यकता शनूट यांना जाणवली. १८९६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांनी इंडियाना राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या टेकड्यांवर तळ ठोकला. ऑगस्टस हेरिंग, विल्यम एव्हरी आणि विल्यम बुटुसोव्ह हे त्यांचे साहाय्यक होते. वय लक्षात घेता उड्डाणे मुख्यतः तरुण साहाय्यकांनी केली.

प्रथम लिलिएंटाल यांच्या धर्तीचे ग्लायडर वापरण्यात आले. मात्र ते सांभाळणे धोक्याचे असल्याचे दिसल्यावर ते बाजूला ठेवण्यात आले. याच वर्षी ९ ऑगस्ट रोजी लिलिएंटाल यांचे ग्लायडर कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. शनूट यांनी अनेक पंखांचे एक ग्लायडर करून पाहिले. त्यात पंखांच्या जागा बदलून समतोलाचा अभ्यास करता येत असे. त्यानंतर तयार झालेले दोन पंखांचे ग्लायडर सर्वांत यशस्वी ठरले. त्यात वरखाली असलेले दोन पंख उभ्या दांड्यांनी आणि तिरक्या तारांनी जोडले होते. ही रचना पुलांच्या बांधणीत रूढ असलेल्या प्रॅट पद्धतीच्या कैचीवर आधारलेली होती. पूल बांधणाऱ्या अभियंत्याचा अनुभव अशा रीतीने विमानाच्या पंखात उतरला. पुढे अनेक दशके द्विपंखी विमानांची बांधणी याच तत्त्वावर झाली. या ग्लायडरने ३५९ फूट (सुमारे १०९ मीटर) अंतर कापले. शनूट यांनी आराखडे आणि निष्कर्ष लगेच प्रसिद्ध केले. जेम्स मीन्स यांच्या ‘एरोनॉटिकल अ‍ॅन्युअल’ या वार्षिकाच्या १८९७ च्या अंकात त्यांचा लेख आहे.

राइट बंधूंशी संबंध

३० मे १८९९ रोजी ओहायो राज्यातील डेटन येथील सायकल-व्यावसायिक विल्बर राइट यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणविषयक साहित्याची मागणी केली. डेटनमध्ये या विषयावर फारसे काही उपलब्ध नव्हते. संस्थेचे अधिकारी रिचर्ड रॅथबन यांनी काही पुस्तिका पाठवल्या आणि वाचण्याजोग्या ग्रंथांची यादी कळवली. पुस्तिकांमध्ये मूयार यांच्या ग्रंथातील भागाचा इंग्रजी अनुवाद होता, तर यादीत शनूट यांचा ग्रंथ, सॅम्युएल लँग्ली यांचा वायुगतिविषयक ग्रंथ आणि मीन्स यांची वार्षिके होती. कैरो, बर्लिन आणि शिकागो येथे झालेले काम अशा प्रकारे एका छोट्या शहरातील दोन भावांच्या हाती आले.

१३ मे १९०० रोजी विल्बर यांनी शनूट यांना पहिले पत्र लिहून आपली कल्पना सांगितली आणि प्रयोगासाठी योग्य जागेची विचारणा केली. शनूट यांनी चारच दिवसांत उत्तर दिले. त्यानंतर दहा वर्षांत दोघांमध्ये शेकडो पत्रांची देवाणघेवाण झाली. शनूट यांनी वाऱ्याचा वेग मोजण्याचे उपकरण राइट बंधूंना वापरायला दिले, परदेशी प्रयोगांच्या बातम्या कळवल्या आणि आर्थिक साहाय्यही देऊ केले. राइट बंधूंनी पैसे घेण्याचे मात्र नम्रपणे नाकारले. १९०१, १९०२ आणि १९०३ अशी तीन वर्षे शनूट यांनी उत्तर कॅरोलायना राज्यातील किटी हॉक येथील त्यांच्या तळाला भेट दिली.

१९०१ चा हंगाम राइट बंधूंसाठी निराशेचा होता. उपलब्ध कोष्टकांवरून अपेक्षित असलेली उचलशक्ती त्यांच्या ग्लायडरला मिळत नव्हती. अशा वेळी शनूट यांनी विल्बर यांना शिकागोच्या वेस्टर्न सोसायटी ऑफ इंजिनिअर्सपुढे व्याख्यान देण्याचे आग्रहाचे निमंत्रण दिले. १८ सप्टेंबर १९०१ रोजी हे व्याख्यान झाले. त्यानंतर राइट बंधूंनी छोटे वातविवर तयार करून पंखांच्या आकारांची स्वतः मोजमापे घेतली आणि ही आकडेमोड शनूट यांना वेळोवेळी कळवली. जुन्या साहित्यातील आकडे पारखून घ्यावे लागतात, हा धडा यातून मिळाला. पण पारखायचे काय, हे त्यांना त्याच साहित्यातून कळले होते.

दोघांच्या विचारांत एक मूलभूत फरक होता. यंत्राने आपला समतोल आपोआप सांभाळावा यासाठी शनूट प्रयत्नशील होते. राइट बंधूंनी मात्र समतोलाचे नियंत्रण चालकाच्या हाती दिले आणि त्यासाठी पंखांची टोके पिळण्याची युक्ती शोधली. या युक्तीचे पूर्ण महत्त्व शनूट यांच्या लक्षात आले नव्हते, असे अभ्यासकांचे मत आहे. १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये ते किटी हॉक येथे काही दिवस राहून परतले. १७ डिसेंबर १९०३ रोजी झालेले पहिले इंजिनचलित उड्डाण ते पाहू शकले नाहीत.

खुले ज्ञान आणि पेटंटचा वाद

२ एप्रिल १९०३ रोजी पॅरिसच्या एरो-क्लबमध्ये शनूट यांनी अमेरिकेतील ग्लायडर-प्रयोगांची माहिती दिली. या व्याख्यानाने फ्रान्समधील थंडावलेल्या प्रयत्नांना चालना मिळाली. राइट बंधूंना मात्र त्यातून दोन गोष्टी खटकल्या. पेटंट मिळण्यापूर्वीच त्यांच्या कामाची माहिती बाहेर गेली होती आणि ते शनूट यांचे शिष्य आहेत असा समज युरोपात पसरला होता.

शनूट यांचा पेटंटला सरसकट विरोध नव्हता. १८९७ मध्ये त्यांनी स्वतःच्या ग्लायडरचे पेटंट घेतले होते. त्याच वर्षी मूयार यांनाही त्यांनी अमेरिकन पेटंट मिळवून दिले आणि त्याचा खर्च सोसला. तथापि प्रगतीसाठी प्रयोगकर्त्यांनी आपले निष्कर्ष एकमेकांना सांगितले पाहिजेत, अशी त्यांची ठाम धारणा होती. उलट, अनेक वर्षे कष्ट आणि जोखीम घेऊन मिळवलेल्या शोधाचा मोबदला मिळवण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी राइट बंधूंची भूमिका होती.

१९०९ मध्ये राइट बंधूंनी ग्लेन कर्टिस यांच्याविरुद्ध पेटंटभंगाचा दावा दाखल केला. पंख पिळण्याची मूळ कल्पना पूर्वीच्या लेखनात आढळते आणि मूयार यांच्या पेटंटमध्येही तिचा मागमूस आहे, असे मत शनूट यांनी जाहीरपणे व्यक्त केले. जुन्या साहित्याच्या ज्या ज्ञानामुळे ते राइट बंधूंचे मार्गदर्शक झाले होते, तेच आता वादाचे कारण बनले. जानेवारी १९१० मध्ये दोघांनी एकमेकांना कठोर शब्दांत पत्रे लिहिली. धनाच्या इच्छेने विल्बर यांचा विवेक झाकोळला आहे, असे शनूट यांनी सुचवले. आपले ऋण अवास्तव वाढवून सांगितले जाते, अशी विल्बर यांची तक्रार होती. एप्रिलमध्ये विल्बर यांनी मैत्री टिकावी अशी इच्छा व्यक्त करणारे पत्र लिहिले. त्याला शनूट यांनी मे महिन्यात सौम्य उत्तर दिले आणि युरोपहून परतल्यावर पूर्वीचे संबंध पुन्हा जुळतील अशी आशा दर्शवली.

मृत्यू

शनूट यांच्या पत्नीचे १९०२ मध्ये निधन झाले होते. १९१० च्या युरोप प्रवासात शनूट गंभीर आजारी पडले. अमेरिकेत परतल्यानंतर २३ नोव्हेंबर १९१० रोजी शिकागो येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. पिओरिया येथे त्यांचे दफन करण्यात आले. समेट पूर्ण होऊ शकला नाही. जानेवारी १९११ मध्ये विल्बर राइट यांनी लिहिलेला मृत्युलेख प्रसिद्ध झाला. शनूट नसते तर मानवी उड्डाणाचा इतिहास वेगळा झाला असता, असा निर्वाळा त्यात त्यांनी दिला आणि वादाचा उल्लेख टाळला.

ग्रंथसंग्रह व कागदपत्रे

शनूट यांनी जमवलेले उड्डाणविषयक ग्रंथ शिकागोच्या जॉन क्रेरार ग्रंथालयाकडे गेले. विज्ञान व तंत्रज्ञानाला वाहिलेले हे ग्रंथालय पुढे शिकागो विद्यापीठात विलीन झाले. त्यांची पत्रे आणि पत्रांच्या दाबप्रती वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. १८९३ च्या परिषदेत त्यांच्यासोबत असलेले झाम हेच पुढे या ग्रंथालयाच्या विमानविद्या विभागाचे प्रमुख झाले. राइट बंधूंच्या कागदपत्रांचे दोन खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत शनूट यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग समाविष्ट आहे. विमानाचा शोध टप्प्याटप्प्याने कसा लागला, हे जाणून घेण्याचे ते सर्वांत विश्वसनीय साधन मानले जाते.

त्यांच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या इतरांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. मूयार १८९७ मध्ये कैरो येथे निवर्तले आणि त्यांचा दुसरा ग्रंथ १९१२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. हारग्रेव्ह यांच्या प्रतिकृती म्युनिक येथील संग्रहालयात गेल्या. तेथे दुसऱ्या महायुद्धात त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. या दोघांच्या कामाचा तपशील शनूट यांच्या ग्रंथात आणि पत्रांत सुरक्षित राहिला.

सन्मान आणि मूल्यमापन

इलिनॉय विद्यापीठाने १९०५ मध्ये शनूट यांना सन्माननीय डॉक्टर पदवी दिली. १९१७ मध्ये इलिनॉयमधील रँटूल येथे स्थापन झालेल्या लष्करी विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. तो १९९३ पर्यंत कार्यरत होता. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९७९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ हवाई टपालाची दोन तिकिटे काढली. त्यांच्या ग्रंथाची पुनर्मुद्रणे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली.

शनूट यांच्या निधनाच्याच वर्षी स्मिथसोनियन संस्थेने पॉल ब्रॉकेट यांनी तयार केलेली विमानविद्येच्या साहित्याची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे १३,५०० नोंदी होत्या. तीस वर्षांपूर्वी शनूट यांनी शोध सुरू केला तेव्हा असा कोणताही नकाशा उपलब्ध नव्हता. नवे यंत्र शोधण्यापेक्षा इतरांचे प्रयत्न शोधून, तपासून आणि समजावून सांगण्यात त्यांचे खरे कार्य होते, असे विमानविद्येचे इतिहासकार मानतात. समतोलाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना सापडले नाही. मात्र तो प्रश्न नेमक्या शब्दांत मांडून ज्यांना उत्तर सापडले त्यांच्यापर्यंत त्यांनी तो पोहोचवला.